रोसीताचा पाळणा

"आई, हेच का नक्की?" निबाल्दोनं विचारलं.

एदुविना थडग्याच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली. सोऱ्याची खाण बंद पडली तेव्हापासून हे गाव ओसाड होतं. घरांची छपरं कुणी कुणी काढून नेली होती. दफनभूमीतल्या लाकडी क्रुसांवरची नावं वाऱ्यानं खरवडून नेली होती. पण हा कठडा तिनं लांबूनच ओळखला. इथं तान्ह्या मुलाच्या थडग्याभोवती पाळण्यासारखा लोखंडी कठडा करत. हा तिच्या नवऱ्यानं त्यांच्या स्वतःच्या पलंगाचे गज कापून केला होता. एका कोपऱ्यावर पलंगाचं पितळी बोंड अजून होतं.

फक्त आत एवढी गर्दी असेल, असं तिला वाटलं नव्हतं. बाहुल्या, दुधाच्या बाटल्या, लोकरीचे मोजे, उन्हानं विटलेल्या खेळण्यातल्या मोटारी. गजांना जागोजाग पाट्या बांधल्या होत्या. 'रोसीता, तू ऐकलंस.' 'रोसीता, माझी लेक चालायला लागली.'

"ही रोसीता कोण?" निबाल्दो म्हणाला. "झालं! सकाळपासून हाडं खिळखिळी करून आलो, ते दुसऱ्याच्या पोरीकडं. आपली ताई बसली असेल दुसऱ्या कुठल्या थडग्यात रुसून."

"आपलीच आहे. जा, गाडीतून तार आणि पक्कड घेऊन ये."

तो पुटपुटत गेला. एदुविनानं पिशवीतून कागदी फुलांचं कडं काढलं. खरी फुलं या वाळवंटात टिकत नाहीत, म्हणून तिनं फुलं करून मेणात बुडवली होती. कड्याखाली पत्र्याची पाटी होती. तिच्यावर तिनं पांढऱ्या रंगात लेकीचं नाव रंगवलं होतं, 'हेनोवेवा.' पाटी अर्धी बाहेर आली, तेवढ्यात मागून आवाज आला.

"आजी, जरा सरकता का? याला तिच्याजवळ न्यायचंय."

विशीतली मुलगी होती. छातीशी शालीत बांधलेलं बाळ. बाळाचे ओठ निळसर होते.

"काय झालंय गं याला?"

"हृदयाला भोक आहे. मंगळवारी ऑपरेशन." मुलगी गुडघ्यांवर बसली. "मी योसेलिन. हा ईसाक. बंदरावरून आलोय. डॉक्टर म्हणाले, थांबायला वेळ नाही. सासू म्हणाली, आधी रोसीताकडं जाऊन ये, मग डॉक्टर. तुम्ही पहिल्यांदाच आलात?"

"पुष्कळ दिवसांनी."

"मग तुम्हाला तिची गोष्ट माहीत असेल."

"नाही. सांग."

योसेलिननं बाळाच्या डोळ्यांवर शालीचं टोक ओढलं. "खाण बंद झाली त्या दिवशी शेवटची आगगाडी निघाली. हिची आई म्हणाली, तू इथंच थांब हं, मी पाणी घेऊन येते. आणि ती बया गाडीत बसून निघून गेली. पोर बिचारी वाट बघून बघून गेली. म्हणून ती फक्त आयांचंच ऐकते. बापानं कितीही नवस बोलू दे, ढिम्म."

एदुविनाची बोटं पाटीच्या कडेवर घट्ट झाली. पोर तिच्या मांडीवर गेली होती. तापानं. पाणी सगळं तिथंच होतं, हंडाभर. ओल्या फडक्याच्या घड्या करून करून तिची बोटं सुरकुतली होती. खाण बंद झाली ती त्यानंतर.

"असं कोण सांगतं?" तिनं विचारलं.

"सगळेच. ज्या दिवशी आई परत येईल, त्या दिवशी पोर तिच्या कडेवर बसून निघून जाईल म्हणतात." योसेलिन ओशाळल्यासारखी हसली. "पाप लागेल मला, पण मी गाडीत सारखी तेच म्हणत होते. देवा, तिची आई आज नको येऊ दे. मंगळवारनंतर कधीही येऊ दे. ती गेली तर माझ्या ईसाकचं कोण ऐकणार?"

बाळानं जांभई दिली. तेवढंही त्याला जड गेलं.

निबाल्दो तार हलवत आला. "हं, आण पत्रा. कुठं बांधू?"

"कसला पत्रा?"

"आता गं! आठवडाभर रंगवत बसली होतीस तो—"

"निबाल्दो." तिनं त्याच्याकडं पाहिलं. लहानपणी ती असं बघायची, तेव्हा तो ताटातलं सगळं निमूट संपवायचा. "हा गज सुटलाय. तो आवळून टाक."

त्यानं एकदा आईकडं पाहिलं, एकदा बाळाकडं. मग वाकून गज आवळू लागला. एदुविनानं पाटी पिशवीत तळाशी सारली आणि फुलांचं कडं त्या पितळी बोंडाला अडकवलं.

"सुरेख झालंय," योसेलिन म्हणाली. "तुम्ही काय मागणार?"

"तुझ्याच बाळासाठी मागते. दोघींनी मागितलेलं बरं."

योसेलिनचे डोळे भरून आले. तिनं थडग्याजवळ पडलेला एक दगड उचलला. "यानं गजावर ठोकायचं. चांगलं जोरात. ती झोपलेली असते ना, उठवल्याशिवाय ऐकत नाही." गजाच्या त्या जागी रंग पार उडाला होता. वर्षानुवर्षांच्या ठोक्यांनी लोखंडाला पोचे आले होते.

एदुविना त्या पोच्यांकडं बघत राहिली. योसेलिनचा हात वर गेला, तसा तिनं तो मनगटाशी धरला.

"दगड नको, बाळ."

ती खाली वाकली आणि बोटाच्या पेरानं गजावर हलकेच टकटक केली. शेजारी तार पिळणाऱ्या निबाल्दोलाही ती ऐकू आली नाही.

"एवढ्यानं ती उठायची नाही, आजी."

"उठेल," एदुविना म्हणाली. "तिची झोप फार सावध होती."