बसली पुन्हा!

“बसली पुन्हा! नवी कोरी बॅटरी, तरी बसली!” बॉनेट उघडता उघडता नवरा करवादला. ती जिन्याच्या पायरीवर उभी राहून ऐकत होती. सासरे मात्र घाईघाईने मेकॅनिकला सांगत होते, “अल्टरनेटरच गेला असणार हो. चार्जच करत नसेल. बदलून टाका, म्हणजे विषय संपला.”

मेकॅनिकने आपल्या बॅटरीची वायर जोडून गाडी चालू केली, मग वायर काढून मीटरच्या पिना टेकवल्या. आकडा चौदा व्होल्टला पोचला. हेडलाइट, पंखा, वायपर, सगळं लावून बघितलं, तरी आकडा जरासा डगमगून तिथेच ठाण मांडून राहिला.

“अल्टरनेटर ठणठणीत आहे, काका. माझ्यापेक्षा बरी तब्येत आहे त्याची. किल्ली फिरवल्याबरोबर रेडिओ गायला लागला, म्हणजे गाडी बंद असताना आत कोणीतरी तो लावून बसतंय, म्हणून बॅटरी बसते. कोण बसतं?”

नवरा टायर न्याहाळू लागला. सासऱ्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. आणि तिला तर रोज दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून गाडीतलं ते पांढरं डोकं दिसायचं, घर कसं शांत शांत वाटायचं. आता तिची मान वर होईना.

“बाबा बसतात,” ती म्हणाली. “घरात रेडिओ लावला की मी दार आपटते, म्हणून.”