निम्मी पेन्शन

निळं पाकीट आईने तांदळाच्या डब्यामागे लपवलं होतं. अंबरीशला ते चौथ्या दिवशी सापडलं.

"आई, हे टॅक्सवाल्यांचं पत्र आहे."

"माहीत आहे. म्हणून तर तिथे ठेवलं. तांदळाला कीड लागत नाही म्हणे."

हॉलंडात निळ्या पाकिटाला भलेभले टरकतात. अ‍ॅमस्टरडॅममधल्या त्यांच्या बुइटनव्हेल्डर्ट वस्तीत तर सांगतात, पोस्टमन निळं पाकीट टाकून गेला की त्या घरातलं मांजर दोन दिवस दुधाला तोंड लावत नाही. अंबरीशने ते उभ्या उभ्याच फोडलं. पद्मजा देवस्थळी सहा वर्षं इथल्या रहिवासी आहेत, तेव्हा भारतातून येणारी पेन्शन दाखवा. तिथे कर भरला असेल तर पुरावा द्या. नसेल तर इथे भरा.

पेन्शन बाबांची. हरिहरराव पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. सगळी हयात धरणांवर गेली, घरी यायचे ते सणावारी, पाहुण्यासारखे. सहा वर्षांपूर्वी ते गेले. आई एकटीच नाशिकला कोषागारात जाऊन आली, दोन दिवस राहून पेन्शनचे सगळे कागद पुरे केले, आणि मगच एकुलत्या एका लेकाबरोबर अ‍ॅमस्टरडॅमला आली. तेही अट घालून. माझा विमा, माझी औषधं, माझा ट्रामचा पास, सगळं माझ्या पेन्शनमधून. लेकाच्या पैशाने डोकेदुखीची गोळीसुद्धा घेणार नाही.

अट ती पाळत होती, पण कशीबशी. कारण हातात पडायची ती निम्मी पेन्शन.

"परदेशात राहणाऱ्यांची निम्मी करात कापतात," आई म्हणायची, आणि आपल्या खोलीतलं हीटिंग बंद करून दोन शाली पांघरून बसायची. अंबरीश चिडला की म्हणायची, "कर म्हणजे काय रे, कुणाच्या तरी लेकराच्या शाळेलाच लागत असेल तो पैसा."

आता त्या निम्म्यावर इथे पुन्हा कर बसला, तर आईला मुलापुढे हात पसरावा लागणार होता. आणि आईचा हात पसरायला बनलेलाच नव्हता.

शनिवारी तो तिला ट्रेनने लायडनला इरावतीकडे घेऊन गेला. इरावती मूळची साताऱ्याची. आपल्या लोकांचे टॅक्सचे कागद तीच करायची.

"निम्मी?" इरावतीचा चहा कपातच राहिला. "काकू, रावणाच्या लंकेतसुद्धा एवढा कर नव्हता हो!"

"कुणी कारकून चुकला असेल," आई म्हणाली.

"चुकला असेल तर लॉटरीच लागली तुम्हाला. सहा वर्षांचा परतावा! कोषागाराला एक पत्र टाका. किती कर कापला ते लेखी द्या म्हणावं. तोच कागद इथेही चालेल."

"नको गं. कशाला त्या लोकांना त्रास?"

"त्रास?" अंबरीश हसला. "आई, पासबुक छापून दिलं नाही म्हणून बँकेच्या मॅनेजरला रडवणारी बाई तू!"

आई हसली नाही. "गेले ते गेले. इथे किती भरायचे ते सांग, मी भरते. ट्रामचा पास बंद करते. पाय कशाला दिलेत देवाने?"

"गुडघे कुठे दिलेत पण, काकू?" इरावती म्हणाली.

परतीच्या ट्रेनमध्ये अंबरीशचा राग मावेना. "बाबा असते ना, तर त्या कारकुनाची कॉलर धरली असती त्यांनी. जन्मात कुणाचा पैसा खाल्ला नाही, कुणापासून काही लपवलं नाही. आणि अशा माणसाच्या बायकोला लुबाडतात!"

आई खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर नुसत्या गाई होत्या, पण तिने त्या एकेक करून नीट पाहिल्या.

"हो रे," ती शेवटी म्हणाली. "तुझ्यावर फार जीव होता त्यांचा. तेवढं धरून ठेव."

घरी येऊन अंबरीशने पत्र स्वतःच लिहिलं. दर नोव्हेंबरला आईचा हयातीचा दाखला तोच पाठवायचा, त्यामुळे पेन्शनचा नंबर त्याच्याकडे होता. खाली आईचं नाव घातलं आणि ईमेल पाठवून दिली. आईला काही बोलला नाही. एकदम आनंदाची बातमीच द्यावी, असं त्याच्या मनात होतं.

आईने खरंच पास बंद केला. वाऱ्यातून वाकत भाजी आणायला चालत जायला लागली. येताना दर बाकावर बसायची, आणि घरी येऊन सांगायची की बदकांशी गप्पा मारत होते.

सरकारी कार्यालयाचं उत्तर तीन आठवड्यांत आलं. यावर आजही कोणी विश्वास ठेवत नाही, पण आलं.

रविवारची दुपार होती. आई टेबलाशी मटार सोलत बसली होती.

"आई! कोषागाराचं उत्तर!"

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "तू लिहिलंस त्यांना?"

"तुझ्या नावाने लिहिलं. ऐक आता."

"अंबू, नको वाचूस."

"अगं, घाबरतेस काय? ऐक तर! 'आपल्या कुटुंब निवृत्तिवेतनातून आजवर कोणताही कर कापण्यात आलेला नाही.' बघितलंस? कर नाहीच! नुसती चोरी चाललीय!"

आई उठली. मटार घरभर झाले. तिने त्याच्या हातातला फोन घ्यायला हात पुढे केला. अंबरीश हसत एक पाऊल मागे सरकला आणि शाळेत बक्षिसाचं भाषण वाचावं तसं खणखणीत आवाजात पुढे वाचू लागला.

"'आपण स्वतः कार्यालयात येऊन दिलेल्या संमतीपत्रानुसार, उर्वरित निम्मी रक्कम दरमहा कै. हरिहर देवस्थळी यांची कन्या कुमारी विशाखा हरिहर देवस्थळी, वय वर्षे वीस, हिच्या खात्यात जमा होते.'"