पहिली ओळ

"सही तपासायची कशी, सर? सर्टिफिकेटच वाचता येत नाहीये!" शाल्मलीने माउस टेबलावर आपटला.

पंपांच्या टेंडरची एक्सएमएल फाइल संध्याकाळी पाचच्या आत पोर्टलवर चढायला हवी होती आणि डिजिटल सही तपासताना तिने लिहिलेला प्रोग्राम दर वेळी तीच एरर तोंडावर फेकत होता. मालक खांबेटे सर सकाळपासून तिच्या खुर्चीमागे उभे राहून तिच्यावर तोंडसुख घेत होते. "तुझा कोडच भिकार. सही पडताळायचं नवं सर्टिफिकेट मी स्वतः डाउनलोड करून दिलंय."

तिने कोड पुन्हा पुन्हा तपासला. सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीतल्या माणसाला फोनवर नाही नाही ते सुनावलं. शेवटी वैतागून तिने सर्टिफिकेटची फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली. इंग्रजी अक्षरांच्या त्या ढिगाऱ्यावर, अगदी पहिल्या ओळीत, मधोमध लिहिलं होतं: ॥ श्री ॥

तिच्या मस्तकात तिडीक गेली. "हे कोणी लिहिलं, सर?"

"मी. साध्या कोऱ्या कागदावरसुद्धा आपण आधी श्री लिहितो. एवढ्या मोठ्या कामाची फाइल तशीच देऊ?"

"अहो, मशीनला पहिल्या ओळीपासून फक्त सर्टिफिकेट लागतं!" दातओठ खात तिने ती ओळ पुसली आणि बटण दाबलं. एरर गेली. सही खरी ठरली, टेंडर वेळेत चढलं.

सरांनी डोळे मिटून स्क्रीनला हात जोडले. मग सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बघितलंस? कोड एवढा भिकार, तरी श्री लिहिला होता म्हणून निभावलं."