अष्टमीचे पाणी

दुकानदार याकूबने रद्दीतले ते पान तिसऱ्यांदा वाचून दाखवले. उत्तरेकडच्या कुठल्याशा खाडीत एका मासेमाराने बायकोला शिक्षा म्हणून होडीसाठी रोवलेल्या खुंटाला बांधले. भरती गळ्याला लागून ओसरली, तेव्हा सोडले. कोर्टाने त्याला दोन वर्षांची सजा दिली. पेपर सत्तावन सालचा, तीन वर्षे जुना.

विठोबाची लेक चंद्रावती दुकानाच्या पायरीवर बसून ऐकत होती. तिच्या नवऱ्यानेही तिला असेच बांधले होते. महिनाभर ती घसा फोडून हेच सांगत होती आणि बाप म्हणत होता, असे कोणी करीत नाही. आज तो तिला रेडीला, सासरी पोचवायला निघाला होता. बातमी खरी ठरली तरच चंद्रावतीची सुटका होणार होती, म्हणून याकूबने दोघांना दुकानात थांबवले होते.

"पेपरवाले काय वाट्टेल ता लिवतत," विठोबा म्हणाला. चाळीस वर्षे त्याने खाडीत काढली होती. पाण्याच्या बाबतीत तो कोर्टालाही विचारणारा नव्हता. "गळ्याक लागलेला पाणी थंयच रवता? आणखी हातभर चढता. ती बुडान मरतली. खोटा आसा सगळा."

याकूबने पान खाली ठेवले. तो मीठमिरची विकणारा, त्याला भरतीतले काय कळणार?

"बाबा, अष्टमी होती," चंद्रावती म्हणाली.

विठोबा वळला.

"माका उधाणाक बांधूक नाय. तिथी बघल्यान. अष्टमीचा पाणी कमी चढता. हनुवटीक लागला नि परतला. तेका म्हायत होता."

विठोबा बोटांवर मोजू लागला. खुंट केवढा, पाणी किती, बाई किती उंच. मोजता मोजता त्याची बोटे थांबली.

"जमता," तो हळूच म्हणाला. "म्हंजे पेपरातला खरा. तुझापण खरा."

चंद्रावतीला हुंदका आवरेना. महिन्याभरात पहिल्यांदाच कोणीतरी तिचे मानले होते. याकूबनेही सुस्कारा सोडला.

"मगे विठोबा, आता हिका थंय धाडू नको."

 विठोबाने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. इतक्या मायेने तो वर्षभरात बोलला नव्हता.

"तिथी बघून बांधल्यान, म्हंजे तुका मारून टाकूचा नव्हता तेका. माणूस वायट नाय गो. ऊठ."