अंगठीचा पंजा

पनवेलच्या एसटी स्टँडसमोरच्या ऑफिसात वल्लरी गुहाचित्रांचे फोटो तपासत होती. चारुदत्त सरांनी ते एका ओसाड बेटावरून काढून आणल्याला तीन आठवडे झाले होते.

"सर, या फोटोत मोजपट्टी ठेवलेली नाही."

"विसरलो गं. म्हणून चित्रांच्या रांगेशेजारी माझाच उजवा हात टेकवला. त्यावरून माप काढ."

पण फोटोत सरांचा हात नव्हताच. कातळावर होते ते फक्त आदिमानवांचे पंजे. खडकावर हात ठेवायचा, कुणीतरी तोंडात घोळवलेला गेरू त्यावर फुंकायचा, की भोवती लाल उमटतं आणि पंजा कोरा राहतो.

रांगेतल्या शेवटच्या पंजाच्या एका बोटाला अंगठीचा फुगवटा होता.

वल्लरीने फोटोवरून नजर उचलली. "सर, गुहेत तुमच्यासोबत कोण होतं?"

"कुणीच नाही."

सरांनी इतका वेळ टेबलाखाली ठेवलेला उजवा हात वर घेतला. अंगठीपासून मनगटापर्यंत लाल शिंतोडे उडाले होते.

"रोज साबणाने घासतोय," ते हळूच म्हणाले. "जातच नाहीत."

वल्लरीने एका शिंतोड्याला बोट लावलं. तो ओला होता, आणि आत्ताच कुणाच्या तोंडातून उडाल्यासारखा कोमट.