सोपा रस्ता

“जा, गॅलरीत मोकळेपणाने बोला,” लग्नं जुळवणाऱ्या बापटकाकू म्हणाल्या, आणि शाल्मली बघायला आलेल्या मुलाला घेऊन बाहेर आली. मुलगा बरा होता. पण तिचा जीव जडला होता तो त्याच्या जर्मनीच्या व्हिसावर. फिजिओथेरपिस्ट म्हणून स्वतःच्या बळावर जायचं तर जर्मनची परीक्षा द्यावी लागणार होती, आणि ते पुस्तक उघडलं की तिला झोप यायची. त्यापेक्षा नवऱ्यामागून जाणं सोपं, असं काकूंनीच सुचवलं होतं.

“मग, कधी निघणार?” तिने लाडिकपणे विचारलं.

“तुम्ही म्हणाल तेव्हा,” तो लाजला. “आधी तुमचा व्हिसा, मग तुमच्यामागून माझा.”

“माझा?”

“काकू म्हणाल्या, मुलगी जर्मनीला चाललीये. मला ती भाषा काही झेपेना, म्हणून म्हटलं, हा सोपा रस्ता.”

“मला म्हणाल्या, मुलगा चाललाय!”

दोघांनी एकदमच काचेतून आत पाहिलं. काकू पुन्हा पोहे वाढून घेत होत्या. विमानाची तिकिटं आपणच काढणार, म्हणून दोन्ही वडील हात जोडून भांडत होते.

“सांगून टाकू या?” त्याने हळूच विचारलं.

शाल्मलीने त्याला नीट न्याहाळलं. “पोहे करता येतात?”

“पोहे, आमटी, पोळ्यासुद्धा. गोल.”

“मग तोंडातून अवाक्षर काढू नका,” ती म्हणाली. “मी उद्यापासून जर्मनच्या क्लासला जाते.”