पश्चिमेकडील शेजारी

हरेश्वर कोळ्याचा प्लॉट शेवटी समुद्रात गेला. पण तो अजून गेलाच नाही असं धरून चालू, कारण नारळीपुनवेच्या दुपारी सहदेव मनोरीला पोचला तेव्हा प्लॉट होता. सव्वीस फूट बाय चाळीस. नकाशावर तर तो कायमचाच होता.

नकाशा सहदेवचा. बोरीवलीच्या एका इंजिनियरकडे तो नकाशे काढायला होता, आणि स्वतःच्या डोक्याने काढलेलं हे त्याचं पहिलंच घर. एकदम मॉडर्न. वर स्लॅब, उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा, पाहुण्यांची खोली, आणि समुद्राकडे तोंड करून गॅलरी. गॅलरी बघून हरेश्वरच्या बायकोने, कृष्णाबाईने, विचारलं होतं, की नवरा ज्याच्याशी दिवसभर झगडून येतो त्याचंच तोंड बघत संध्याकाळी बसायचं का. सहदेव म्हणाला होता, मोठे लोक तसेच बसतात.

जुन्या घराची मागची भिंत आषाढातल्या उधाणात गेली, आणि मग बाकीच्या भिंतींनाही उभं राहण्यात अर्थ वाटेना. तेव्हापासून नवरा-बायको, मुलगा, सून आणि दोन नातवंडं होडीत राहत होती. पावसाळ्यासाठी होडी वर ओढून ठेवलेली, तिच्यावर झावळ्या, आत स्टो. सोय झकास होती. अडचण एकच. नारळीपुनवेनंतर होड्या पाण्यात जातात. उद्या पहाटे घर धंद्यावर जाणार होतं.

म्हणून सगळे नकाशाच्या मंजुरीची वाट बघत होते. मंजुरी आली की सिमेंटचं परमिट, परमिट आलं की निदान एक भिंत. भिंतीला झावळ्या टेकवता येतात.

सहदेवने फाइल पुढे केली. परत आली होती. चारी बाजूंच्या शेजाऱ्यांची संमती हवी, असा कचेरीचा नियम. पूर्वेच्या रस्त्यातर्फे गावच्या पाटलाने सही केली होती, उत्तरेच्या सखुबाईने अंगठा दिला होता, दक्षिणेच्या देवळातर्फे पंचांनी. खाली लाल शाईत शेरा होता : पश्चिमेकडील शेजाऱ्याची संमती जोडलेली नाही.

पश्चिमेला समुद्र आहे, हे सहदेवने कारकुनाला समजावून सांगितलं होतं. कारकुनाने सगळं ऐकून घेतलं, आणि लिहिता येत नसेल तर अंगठा चालेल म्हणाला.

कृष्णाबाई होडीतून भांडी उतरवत होती. ती थांबली नाही. हरेश्वरला मात्र यात काही वावगं वाटलं नाही. कचेरीचं बरोबर आहे, म्हणाला. आपण तरी दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी कुठे लोटतो. त्याने पूजेचा नारळ उचलला आणि सहदेवला साक्षीदार म्हणून काठावर उभं केलं. सहदेवने पेन काढलं. शिकलेला माणूस, पण दुसरा उपाय त्याच्याकडेही नव्हता.

भरती चढत होती. खोल्यांच्या जागी ठोकलेल्या खुंट्यांपर्यंत फेस येऊन जात होता.

हरेश्वरने नारळ फेकला. लाटेने तो घेतला, थोडा आत नेला, आणि परत आणून गॅलरीत ठेवला.

"गॅलरी नको बोलतो तो," हरेश्वर म्हणाला. "काढ ती."

सहदेवने नकाशावरची गॅलरी खोडली. दुसऱ्यांदा नारळ पाहुण्यांच्या खोलीत आला. ती खोडली. तिसऱ्यांदा तो ओट्यापाशी आला, आणि मागोमाग आलेलं पाणी जाताना खुंट्या घेऊन गेलं. नकाशात रस्त्याकडची एक भिंत उरली.

हरेश्वर नारळ उचलून तसाच उभा राहिला. गुडघ्यापर्यंत पाणी होतं.

"काका, पुरे आता," सहदेव म्हणाला.

"एक भिंत तरी ठेव रे बाबा," हरेश्वर म्हणाला. तो सहदेवकडे बघत नव्हता.

कृष्णाबाईने शेवटचा हंडा रस्त्याच्या कडेला ठेवला. मग पाण्यात आली, नवऱ्याच्या हातातून नारळ काढून घेतला आणि दगडावर फोडला. एकेक तुकडा दोघांच्या हातावर ठेवला.

"त्याला नको हाय ना, मग आपून खाऊ," ती म्हणाली. "आणि तू लिही. तुला येतं ना लिहायला."

सहदेवने नकाशा उलटा केला आणि होडीच्या फळीवर धरून मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. खाली हरेश्वरचा ओला अंगठा घेतला.

'पश्चिमेकडील शेजाऱ्यास अर्जदार समक्ष भेटला. सदर शेजारी संमती देत नाही व कारणही सांगत नाही. तरी त्यास आपल्या कचेरीत बोलावून समज द्यावी. तो न बोलावताही येतो, असा अनुभव आहे. तसेच अर्जदाराची एक भिंत सुकेपर्यंत त्याने ओहोटीतच राहावे, असा लेखी हुकूम आज संध्याकाळच्या आत व्हावा, ही नम्र विनंती.'